जातो म्हणाला आणि गेला नाही

सामान्य काळातील सव्विसावा रविवार



आजच्या शुभवर्तमानातला दाखला अगदी छोटा आहे. एका गृहस्थाला दोन मुलगे असतात. तो दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक जण तोंडावर नाही म्हणतो, पण मागाहून त्याचे मन त्याला खाते आणि तो मळ्यात जातो. दुसरा मोठ्या आदबीने होकार देतो आणि जात नाही. मग प्रभू येशू समोर उभ्या असलेल्या मुख्य याजकांना आणि वडीलजनांना एकच प्रश्न विचारतो: बापाची इच्छा कोणी पूर्ण केली? उत्तर त्यांच्याच तोंडून निघते आणि त्यांच्यावरच उलटते.

हा दाखला आपल्याला नवा नाही. वाडीत पाणी सोडायला सांगितले की 'हो हो, आलोच' म्हणून तासभर मोबाईलवर बसणारा मुलगा बहुतेक घरांत सापडतो. पण आज मी या दाखल्याचा अर्थ घरापुरता ठेवणार नाही. 1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरला येणाऱ्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंतचे दिवस ख्रिस्तसभा सृष्टीसाठी प्रार्थना करण्यात घालवते. या काळात जगाच्या व्यासपीठावर मोठ्या आदबीने दिलेल्या एका होकाराचा विचार आपण करावा असे मला वाटते. त्या होकाराचे नाव 'नेट झीरो', म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जन. वर्तमानपत्रांत हा शब्द वरचेवर येतो. अमुक देश 2050 साली नेट झीरो होणार, तमुक कंपनी 2040 सालीच होणार. हे आहे तरी काय?

आपल्या वसईतल्या जुन्या बावखलांची आठवण करा. (आता उरलीत किती, हा प्रश्न वेगळा. बरीचशी बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या.) बावखलात जेवढे पाणी येते तेवढेच बाहेर गेले, तर पाण्याची पातळी स्थिर राहते. येणारे जास्त आणि जाणारे कमी झाले, तर पाणी काठ ओलांडून वाडीत शिरते. पृथ्वीभोवतीच्या हवेचेही तसेच आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. झाडे, माती आणि समुद्र त्यातला काही भाग शोषून घेतात. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते, आज ते 420 च्या वर गेले आहेत. हा वायू उष्णता धरून ठेवतो. जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबाप्रमाणे 2024 हे वर्ष कारखान्यांपूर्वीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले होते. माणसाने हवेत सोडलेला वायू आणि माणसाने हवेतून काढून घेतलेला वायू यांची वजाबाकी शून्य यावी, याला नेट झीरो म्हणतात. लक्षात घ्या, शून्य आले म्हणजे पातळी उतरली असे नव्हे. ती फक्त चढायची थांबली. हवेत गेलेला वायू शेकडो वर्षे राहतो.

12 डिसेंबर 2015 रोजी पॅरिस येथे झालेल्या करारात राष्ट्रांनी मान्य केले की या शतकाच्या उत्तरार्धात हा समतोल साधायचा. 2018 साली शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने सांगितले की तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हे शून्य 2050 च्या सुमारास गाठावे लागेल आणि 2010 च्या तुलनेत 2030 पर्यंतच उत्सर्जन जवळजवळ निम्म्यावर आणावे लागेल. त्यानंतर संकल्पांचा पूर आला. शंभराहून अधिक देशांनी, कित्येक महानगरांनी, हजारो कंपन्यांनी 'जातो बाबा' म्हटले.

आणि मग? 2021 च्या एप्रिल महिन्यात जगातल्या मोठमोठ्या बँकांनी एकत्र येऊन नेट झीरोसाठी एक संघ स्थापन केला. केवढा गाजावाजा झाला होता! 2024 च्या अखेरीस वारे फिरताच अमेरिकेतल्या मोठ्या बँका एकामागून एक बाहेर पडल्या आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये तो संघच बंद झाला. 2050 चे वचन साडेचार वर्षे टिकले. अमेरिका हा देशही पॅरिस करारात आला, बाहेर पडला, पुन्हा आला आणि 2025 च्या जानेवारीत त्याने पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. होकार देणाऱ्या मुलाची गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे.

परंतु वचन मोडणारा निदान उघडा तरी पडतो. मला अधिक भीती वाटते ती वचन न मोडताही मळ्यात न जाण्याच्या युक्तीची. ती युक्ती 'निव्वळ' या शब्दात दडलेली आहे. वजाबाकी शून्य आणण्याचे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे धूर कमी करणे. दुसरा म्हणजे धूर तसाच ठेवून कोठेतरी, कोणीतरी, कधीतरी तेवढा धूर शोषून घेईल अशी व्यवस्था केल्याचे कागद विकत घेणे. या कागदांना कार्बन क्रेडिट म्हणतात. पोलाद, सिमेंट यांसारखी काही कामे अशी आहेत की त्यांतला धूर आज पूर्णपणे थांबवता येत नाही, तेथे दुसऱ्या मार्गाचा थोडा आधार लागेल. पण बहुतेकांना दुसरा मार्ग पहिल्यापेक्षा स्वस्त पडतो. आणि स्वस्त पडले की माणूस पहिल्या मार्गाकडे फिरकत नाही.

आपण कॅथलिकांनी तरी ही गोष्ट चटकन ओळखायला हवी, कारण आपल्या घराने हे एकदा भोगलेले आहे. पापाची क्षमा आणि पापाचा दंड यांत ख्रिस्तसभा फरक करते. मनापासून पश्चात्ताप केलेल्या आणि पापनिवेदन केलेल्या माणसाला प्रार्थना, उपवास, दानधर्म यांच्याद्वारे दंडात सूट मिळू शकते, ही शिकवण आजही कायम आहे. पण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला काय झाले? रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचे बांधकाम चालले होते, पैसा हवा होता. 1517 साली जर्मनीत ही सूट जवळजवळ बाजारात मांडल्यासारखी वाटली जाऊ लागली. लोकांनी पैसे मोजले, कागद घेतला आणि पश्चात्ताप मागे राहिला. त्यातून ख्रिस्तसभेचे केवढे मोठे खंडन झाले ते आपण जाणतो. ट्रेंट येथील परिषदेने 1562 साली या नावाने पैसे गोळा करीत हिंडणाऱ्यांचे पदच रद्द केले. शिकवण वाईट नव्हती. तिच्यातला पहिला भाग, मन पालटण्याचा, काढून टाकून उरलेला भाग विकला गेला, ते वाईट होते.

पोप फ्रान्सिस यांनी 24 मे 2015 रोजी दिलेल्या 'लौदातो सी' या परिपत्रकात कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीविषयी स्पष्ट इशारा दिला होता. या व्यवहारातून नवी सट्टेबाजी निर्माण होईल आणि काही देशांना व उद्योगांना आपला भोगवाद तसाच चालू ठेवण्याची सोय मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. हा इशारा कोणा दूरच्या लोकांसाठी होता असे समजू नका. त्याच्या आठच वर्षे आधी खुद्द व्हॅटिकनला तो अनुभव आला होता. ही हकिगत आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

2007 सालची गोष्ट. पोप बेनेडिक्ट सोळावे गादीवर होते. एका परदेशी कंपनीने व्हॅटिकनला देणगी देऊ केली. हंगेरीत एक नवे जंगल लावायचे, ती झाडे व्हॅटिकनच्या त्या वर्षीच्या सर्व धुराएवढा वायू शोषून घेतील आणि व्हॅटिकन हे जगातले पहिले कार्बनमुक्त राष्ट्र ठरेल. व्हॅटिकनला एक पैसाही खर्च नव्हता. कंपनीला प्रसिद्धी हवी होती. समारंभ झाला, प्रमाणपत्र देण्यात आले, जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली. 2010 साली एका अमेरिकन वृत्तपत्राने शोध घेतला तेव्हा आढळले की जंगल कोठेच नाही. झाडे लावलीच गेली नव्हती. व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना कायदेशीर कारवाईचा विचार बोलून दाखवावा लागला.

हे वाचून काहींना वाईट वाटेल, काहींना संकोच वाटेल. मला वाटते की यात लपवण्यासारखे काही नाही. देणारा लबाड निघाला म्हणून घेणारा पापी ठरत नाही. पण एक गोष्ट मात्र खरी. एका कागदाने काम भागेल असे वाटले, तेथेच फसगत झाली. आणि समजा, ती झाडे लावली असती तरी काय? रोप वाढायला तीस-चाळीस वर्षे लागतात. धूर मात्र आज निघतो. शिवाय झाड जळते, तुटते, वाळवी लागून पडते. 2021 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मोठा वणवा लागला, त्यात कार्बन क्रेडिटच्या हिशोबात धरलेले जंगलही पेटले. कोळसा जमिनीखाली लक्षावधी वर्षे शांत पडून होता. तो बाहेर काढून जाळायचा आणि त्याच्या बदल्यात चाळीस वर्षांनी मोठे होणारे झाड दाखवायचे, हा सौदा सारखा नाही. झाडे लावा, जरूर लावा. ती सावलीसाठी लावा, पाखरांसाठी लावा, जमिनीसाठी लावा. धुराची पावती म्हणून लावू नका.

आता त्या कथेचा पुढला भाग ऐका, कारण तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनने पोप पौल सहावे यांच्या नावाच्या सभागृहाच्या छपरावर सुमारे 2,400 सौर पट्ट्या बसवून वीज घ्यायला सुरुवात केली. येथे कागद नव्हता, छप्पर होते. 12 डिसेंबर 2020 रोजी, पॅरिस कराराच्या पाचव्या वर्षदिनी, पोप फ्रान्सिस यांनी जाहीर केले की व्हॅटिकन राष्ट्र 2050 पूर्वी निव्वळ शून्यावर येईल. 2024 च्या 21 जून रोजी त्यांनी 'भाऊ सूर्य' या नावाचा आदेश काढला. हे नाव संत फ्रान्सिसच्या स्तवनगीतावरून घेतलेले आहे, हे सांगायला नको. रोमच्या उत्तरेला सांता मारिया दी गालेरिया येथे व्हॅटिकन रेडिओचे प्रक्षेपण केंद्र आहे. तेथल्या शेतजमिनीवर सौर पट्ट्या उभारायच्या, त्यांच्याखाली आणि मधून शेती चालू ठेवायची आणि केवळ रेडिओचीच नव्हे तर संपूर्ण व्हॅटिकनची विजेची गरज तेथून भागवायची, असा तो आदेश. पोप फ्रान्सिस 21 एप्रिल 2025 रोजी देवाघरी गेले. त्यांच्यामागून आलेले पोप लिओ चौदावे दोनच महिन्यांत त्या जागेवर स्वतः जाऊन आले आणि 31 जुलै 2025 रोजी इटली सरकारबरोबर त्याविषयीच्या करारावर सह्या झाल्या. पोपमहोदयांची गाडीदेखील 2024 च्या डिसेंबरपासून विजेवर चालते. तेवढ्याने पृथ्वी वाचत नाही हे खरे. पण बापाने सांगितलेल्या मळ्याच्या दिशेने पाऊल पडले.

म्हणजे तेच राष्ट्र, तोच संकल्प. एकदा कागदावरचा, एकदा जमिनीवरचा. नेट झीरोतला धोका आणि नेट झीरोतली संधी दोन्ही पाहायच्या असतील तर लांब जायला नको.

संकल्पातली दुसरी पळवाट ओळखायला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील हनन्या आणि सप्पीरा यांची कथा आठवा. त्यांनी जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि सारेच पैसे प्रेषितांच्या चरणी आणल्याचा देखावा केला. पेत्राने त्यांना पैसे मागे ठेवल्याबद्दल दोष दिला नाही, ते त्यांचेच होते. खोटे बोलल्याबद्दल दोष दिला. आज एखादी तेल कंपनी नेट झीरोची घोषणा करते तेव्हा विचारायला हवे की मोजले काय आणि मागे ठेवले काय? विहिरीतून तेल काढताना आणि शुद्ध करताना झालेला धूर हिशोबात धरायचा, पण तेच तेल गिऱ्हाइकाने जाळल्यावर होणारा धूर धरायचा नाही, असे करता येते. आणि खरा धूर तर बहुतांश तेथेच असतो. हिशोब चुकीचा नाही, अर्धा आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. 1 नोव्हेंबर 2021 रोजी ग्लासगो येथे पंतप्रधानांनी जाहीर केले की भारत 2070 साली नेट झीरो होईल. वीस वर्षे उशिरा का, असे श्रीमंत देशांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर न्यायाने द्यायला हवे. एक अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, एक भारतीय सुमारे 2 टन. मागच्या दीडशे वर्षांत ज्यांनी बावखल भरले त्यांनी आधी उपसावे, यात चूक काहीच नाही. 'लौदातो सी'मध्येही श्रीमंत राष्ट्रांवर गरीब राष्ट्रांचे हे ऋण असल्याचे म्हटले आहे. त्याच ग्लासगोच्या परिषदेत कोळसा 'बंद करणे' या शब्दांऐवजी 'कमी करणे' हे शब्द घालण्याचा आग्रह भारताने धरला. जगाने नाराजी दाखवली. एका अर्थी तो नकार होता. पण नकार देणाऱ्या मुलाप्रमाणे पुढे काय झाले ते पाहा. 2030 पर्यंत वीज निर्माण करण्याची निम्मी क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणुशक्ती अशा कोळशाबाहेरच्या मार्गांची असेल, असे भारताने म्हटले होते. ते उद्दिष्ट 2025 च्या मध्यावर, पाच वर्षे आधीच गाठले गेले.

येथे टाळी वाजवून थांबावेसे वाटते. पण थांबू नका. क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असे नाही. सूर्य रात्री नसतो, वारा रोज नसतो. प्रत्यक्षात आपल्या तारांतून येणारी सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजूनही कोळशाचीच असते. मुलगा मळ्यात गेला आहे, कामाला हात लागला आहे, पण मळा अजून तसाच पडलेला आहे.

शेजारच्या मुंबईनेही संकल्प केला आहे. 13 मार्च 2022 रोजी जाहीर झालेल्या आराखड्यात मुंबईने देशाच्या वीस वर्षे आधी, 2050 साली नेट झीरो होण्याचे ठरवले. धैर्याची गोष्ट आहे. पण टप्पे पाहा: 2030 पर्यंत 30 टक्के घट, 2040 पर्यंत 44 टक्के आणि उरलेली 56 टक्के शेवटच्या दहा वर्षांत. दर लेंटमध्ये दारू सोडणार म्हणणाऱ्याने शेवटच्या आठवड्यावर सारे ढकलावे, तसे हे मला दिसते. आज जे अधिकारी सही करतात ते 2040 साली निवृत्त झालेले असतील. ग्लासगोत घोषणा झाली त्या वर्षी आपल्या चर्चमध्ये ज्या बाळांचा बाप्तिस्मा झाला ती मुले 2070 साली 49 वर्षांची असतील. सही कोणाची आणि भरणार कोण!

गरिबांची बाजू विसरून चालणार नाही. कार्बनसाठी झाडे लावायची तर जमीन लागते. ती जमीन शहरात मिळत नाही, आदिवासींच्या पाड्याभोवती मिळते. 'पडीक' म्हणून कागदावर लिहिलेल्या माळावर कोणाची गुरे चरतात, कोणी मोहाची फुले वेचते, कोणी सरपण नेते. तेथे कुंपण घालून परदेशातल्या विमान कंपनीच्या धुराची भरपाई करायची असेल, तर देवाला असे हिरवेपण नको आहे. कोळशाच्या खाणीत आज पोट भरणाऱ्या लाखो मजुरांचेही तेच. खाण बंद करण्याचा दिवस ठरवायचा आणि मजुराच्या मुलांचे काय ते ठरवायचे नाही, हा संकल्प अर्धा. संत पौल आजच्या दुसऱ्या वाचनात फिलिप्पैकरांना सांगतो की प्रत्येकाने केवळ आपलेच हित पाहू नये, दुसऱ्याचेही पाहावे. हवामानाच्या परिषदांत हे वचन दारावर लावावे असे आहे.

इतके सारे धोके ऐकून कोणी म्हणेल, फादर, मग हे संकल्प हवेत कशाला? सारे ढोंगच असेल तर सोडून द्या.

नाही. आपण संकल्पांवर जगणारी माणसे आहोत. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या वतीने आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी वचने दिली. दर पुनरुत्थानाच्या रात्री मेणबत्ती हातात धरून ती आपण पुन्हा म्हणतो. वेदीपुढे पतिपत्नी आयुष्यभराचे वचन देतात, पुढची चाळीस वर्षे कशी जातील हे ठाऊक नसताना देतात. वचन मोडले जाऊ शकते म्हणून आपण लग्न लावायचे थांबवत नाही. वचनाचा एक मोठा उपयोग असतो: वचन दिलेल्या माणसाला जाब विचारता येतो. ज्याने काहीच कबूल केले नाही त्याला काय विचारणार? महानगरपालिकेने 2030 चा आकडा लिहून दिला आहे, म्हणून नागरिकाला 2030 साली पत्र लिहिता येईल. सरकारने 2070 म्हटले आहे, म्हणून त्या 49 वर्षांच्या माणसांना बोट दाखवता येईल. संकल्प ही गरिबाच्या हातातली चिठ्ठी आहे. ती हरवू देऊ नका.

दुसरेही एक कारण आहे. आजच्या पहिल्या वाचनात यहेज्केल संदेष्टा सांगतो की दुष्ट माणूस आपल्या दुष्टाईपासून वळला आणि न्यायाने वागू लागला तर तो जगेल. देव मागचे बिल पुढे करून दार बंद करीत नाही. हवामानाविषयी आजकाल दोन प्रकारची माणसे भेटतात. काही होत नाही म्हणणारी आणि आता काही होणे नाही म्हणणारी. दोघेही घरी बसतात. 2018 च्या जुलैमध्ये आपल्या वसई-विरारमध्ये पाणी भरले, गाड्या बंद पडल्या, वीज गेली, मिठागरांत माणसे अडकली. त्या दिवसांत होड्या काढणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या तरुणांपैकी कोणी असे म्हटले नाही की आता पाणी आलेच आहे तर काय करायचे. तापमान दीड अंशाने वाढणे आणि दोन अंशांनी वाढणे यांत फरक आहे, दोन आणि तीन यांतही आहे. प्रत्येक दशांशापुढे कोणाची तरी शेती, कोणाची तरी होडी उभी आहे.

खरा संकल्प कसा असतो ते पाहायचे तर जक्कयाकडे पाहावे. जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, बुटका. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा तो उभा राहून काय बोलला? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत. आकडा सांगितला, कोणाला द्यायचे ते सांगितले आणि पुढची तारीख मागितली नाही. प्रभू म्हणाला की तारण आजच या घरी आले आहे. आपल्या पापनिवेदनातही तीच रीत आहे: काय केले ते मोजून सांगणे, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि झालेल्या नुकसानीची भरपाई. भरपाई आहे, पण ती शेवटी आहे. निश्चयाच्या जागी भरपाई घेऊन येणाऱ्याला कोणताही धर्मगुरू सांगेल, बाळा, आधी थांब तर खरा.

हे सारे मोठ्यांसाठी, आपण काय करायचे? व्हॅटिकनच्या संकल्पात आपले धर्मग्राम येत नाही, तो केवळ त्या राष्ट्रापुरता आहे. आपला हिशोब आपल्यालाच मांडावा लागेल. आणि तो कठीण नाही. महावितरणच्या बिलावर युनिट छापलेले असतात. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ज्या घरी महिन्याला 200 युनिट लागतात ते घर विजेपोटी 140 किलो सोडते. एक लिटर पेट्रोल जाळले की सव्वादोन किलोहून अधिक. चर्चच्या सणाची रोषणाई, नाताळच्या गोठ्यावरचे दिवे, लग्नाच्या मांडवातला रात्रभर धडधडणारा जनरेटर, हॉलमधले कोणी नसताना चालू राहिलेले एसी, सारे मोजता येते. गरिबाच्या घरातला एक पंखा मोजून त्याला लाजवू नका. उन्हाळ्यात तो पंखा त्याचा हक्क आहे. मोजायचे ते आपल्या हौसेचे.

ज्यांचे छप्पर स्वतःचे आहे त्यांनी केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू केलेल्या सूर्यघर योजनेची चौकशी जरूर करावी. त्या योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅटपर्यंत 78,000 रुपयांचे अनुदान ठरवण्यात आले. एक किलोवॅटच्या पट्ट्या दिवसाला साधारण चार युनिट वीज देतात, पावसाळ्यात कमी. हा माझ्या प्रवचनाचा विषय नव्हे असे कोणाला वाटेल. पण द्राक्षमळ्यात जायचे तर कुदळ कोठे मिळते तेही सांगायला हवे.

चर्च, धर्मगुरूनिवास आणि हॉल यांची मागच्या बारा महिन्यांची वीजबिले पुढच्या रविवारी प्रवेशदाराजवळच्या फलकावर लावण्यात येतील. जनरेटरला किती डिझेल लागले तेही लिहिले जाईल. झाडांचा आकडा त्यात वजा केलेला नसेल. मिस्सानंतर पाच मिनिटे थांबून ती वाचावीत, आणि छपराची पाहणी करू शकणाऱ्या तरुणांनी पॅरिश कौन्सिलच्या सचिवांकडे नावे द्यावीत.